मांड्यांवरचे खळगे घालवायची पॅकेजं: पैसे घालावेत का?

रानजाई
परवा मैत्रिणीला सोबत म्हणून एका स्किन क्लिनिकमध्ये गेले होते. तिच्या मांड्यांवर सेल्युलाइट आहे, तेच ते संत्र्याच्या सालीसारखे खळगे. काउन्सेलर मुलीने टेप काढून मांडीचा घेर मोजला आणि मशीनच्या सिटिंगचं पॅकेज पुढे सरकवलं. आजच बुक केलं तर सवलत, हे ओघाने आलंच. मी विचारलं, घेर कमी झाला की खळगे जातात का? उत्तर आलं, "मॅम, टोनिंग होतं." मग फोटो दाखवले. 'आधी'च्या फोटोत उजेड वरून, त्यामुळे खळग्या-खळग्यात सावली. 'नंतर'च्या फोटोत समोरून फ्लॅश आणि बाई पाय ताणून उभी.

वयात आलेल्या ८० ते ९० टक्के बायकांना हे कमीजास्त असतंच. जे जवळपास सगळ्यांनाच असतं त्याला दोष म्हणून विकायचं, ही शुद्ध लूट आहे. उपचारबिपचार सगळं थोतांड. कुणाला पटत नसेल तर खोडून दाखवा.

केतकी_ठाणे
खोडते. रोग नाही म्हणून उपचार नको, हा नियम लावायचा तर केसांना रंग नको, दात सरळ करायला नकोत, भुवया कोरायलाही नकोत. मी रोज टँकवर पोहायला जाते. मला ते खळगे आवडत नाहीत, बस. रोलर आणि व्हॅक्यूमच्या मशीनने मसाज करून घेतला, काही आठवडे त्वचा गुळगुळीत दिसली, मग होती तशी झाली. हे होणार ते मला आधीच माहीत होतं. फेशियलही दोन दिवसच टिकतं, त्यावर कुणी लूट म्हणून धागा काढत नाही.

रानजाई
फेशियलवाली "कायमचं जाईल" म्हणत नाही ना! आणि ती वर्षाचे पैसे आगाऊ घेत नाही.

बंडूनाना
पहाटे उठून सूर्यनमस्कार घाला, ज्वारीची भाकरी खा, सगळं जाग्यावर येईल. आमच्या आजीला असलं काही नव्हतं.

अवखळ
नाना, नऊवारीतल्या आजीच्या मांड्या तुम्ही कधी तपासल्यात? माझी बहीण काडीपैलवान आहे, तिलाही आहे. चला, पुढे.

त्वचावैद्य_नाशिक
मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. दोन्ही बाजू थोड्या-थोड्या बरोबर आहेत, पण मूळ रचना लक्षात घेतल्याशिवाय हे भांडण मिटायचं नाही. कातडीखाली चरबीचे कप्पे असतात आणि त्यांच्यामधून चिवट तंतूंचे पट्टे कातडीला खालच्या थराशी बांधून ठेवतात. बायकांत हे पट्टे बहुधा उभे असतात, पुरुषांत तिरपे, एकमेकांना छेदणारे. उभ्या पट्ट्यांमधून चरबी वर फुगते आणि पट्टा जिथे कातडी खाली ओढतो तिथे खळगा पडतो. गादीला टाके घातल्यावर दिसतं तसंच. म्हणून बारीक बाईलाही होतं. व्यायामाने खालचा स्नायू भरला तर दिसायला फरक पडतो, पण पट्टा सुटत नाही. भराभर वजन उतरवलं तर कातडी सैल पडून उलट जास्त दिसू शकतं.

आता कुठलाही उपचार याच कसोटीवर घासा. क्रीममधलं कॅफिन कातडीतलं पाणी तात्पुरतं कमी करतं. घरचा कॉफी स्क्रब वरची मृत त्वचा काढतो, एवढंच. ०.३ टक्के रेटिनॉलच्या (व्हिटॅमिन ए-चा एक प्रकार) क्रीमने कातडी थोडी जाड होऊन जरा कमी दिसू शकतं, पण त्याला सहा महिने लागतात आणि गरोदरपणात ते वापरायचं नाही. रेडिओफ्रीक्वेन्सीने, म्हणजे रेडिओलहरींनी आतून तापवून, कातडी थोडी आवळते, तीही सिटिंग चालू ठेवल्या तरच. लायपोसक्शन, म्हणजे नळीने चरबी शोषून काढणं, यासाठी करूच नये, खळगे वाढू शकतात.

पट्टा सोडवायचा तर तो कापावाच लागतो. त्याला सबसिजन म्हणतात. उभं असतानाच पेनाने एकेक खळगा मार्क करतात, कारण आडवं झालं की खळगे दिसेनासे होतात. मग जागा बधिर करून कातडीखालून सुईने किंवा बारीक पात्याने पट्टा तोडतात. याच तत्त्वावरच्या सेलफिना या उपकरणाला अमेरिकेच्या एफडीएने (औषधं-उपकरणं तपासणारी सरकारी संस्था) २०१५ साली मान्यता दिली. त्याचा परिणाम तीन वर्षांपर्यंत टिकल्याची नोंद आहे. म्हणजे "सगळं थोतांड" हे बरोबर नाही.

केतकी_ठाणे
घ्या! रानजाई, मुद्दा खोडला गेलेला आहे.

त्वचावैद्य_नाशिक
थांबा, इतक्यात नको. सुटे, खोल खळगे असतील तरच उपयोग. सैल कातडीच्या लाटा असतील तर पट्टे कापून काही हाती लागत नाही. आणि काळंनिळं होतंच. आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीवर ते गेल्यावरही तपकिरी डाग महिनोन्‌महिने रेंगाळू शकतो. खळगा गेला आणि डाग आला, तर पेशंटने काय म्हणायचं?

पल्लवी_न्यूजर्सी
डागांवरून आठवलं. इकडे २०२० च्या जुलैमध्ये क्वो नावाच्या इंजेक्शनला एफडीएची मान्यता मिळाली. ते पट्ट्यातलं कोलॅजेन, म्हणजे पट्टा ज्याचा बनतो ते प्रथिन, विरघळवणारं एन्झाइम आहे. बोटं तळहाताकडे आखडतात त्या ड्युपुट्रेन्सच्या विकारात वापरतात, त्याच जातीचं. सेल्युलाइटवर मान्यता मिळालेलं पहिलं इंजेक्शन, म्हणून केवढा गाजावाजा! २०२२ च्या डिसेंबरमध्ये एंडो कंपनीने ते बंद करत असल्याचं स्वतःच जाहीर केलं. कारण हेच, जखमेसारखे निळे डाग आणि कातडीचा लांबलेला रंगबदल. जे खरोखर पट्ट्यापर्यंत पोचलं, त्याची ही गत. रानजाईला माझं अर्धं मत.

रानजाई
अर्धं तर अर्धं. "थोतांड" मागे घेते, "लूट" नाही. निव्हियाच्या एका क्रीमने शरीर बारीक होतं अशी जाहिरात केल्याबद्दल त्यांच्या बायर्सडॉर्फ कंपनीने २०११ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनशी ९ लाख डॉलर देऊन तडजोड केली होती. एवढ्या मोठ्या कंपनीला मोह आवरत नाही, तर गल्लीतल्या क्लिनिकचं काय घेऊन बसलात! डॉक्टर, तुम्ही "सुटे खळगे असतील तरच" म्हणालात. आमच्या त्या काउन्सेलरने खळग्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. टेप लावली आणि कार्ड मशीन पुढे केलं.

केतकी_ठाणे
त्या क्लिनिकबद्दल शंभर टक्के सहमत. पण मग धागा क्लिनिकवर काढ ना, उपचार घेणाऱ्या बायकांवर कशाला? "जवळपास सगळ्यांनाच असतं" हे मला माहीत आहे. टँकवर रोज बघते की. तरी मला हवं असेल तर मी करीन, फक्त काय मिळणार आणि किती दिवस, ते कुणीतरी खरं सांगावं.

अवखळ
डॉक्टर, एकच विचारते. कुणी पॅकेज विकायला आलं तर पहिला प्रश्न काय विचारायचा?

त्वचावैद्य_नाशिक
"हे मशीन पट्टा कापतं का?" नाही म्हणाले, तर परिणाम तात्पुरता, आणि त्या हिशोबानेच पैसे द्यायचे की नाही ते ठरवा. हो म्हणाले, तर कापणारा हात कुणाचा ते विचारा, आणि तुमच्याच रंगाच्या कातडीचे, एकाच उजेडात काढलेले फोटो मागा.

बंडूनाना
आणि सूर्यनमस्कार?

त्वचावैद्य_नाशिक
घाला की नाना, तब्येतीला उत्तम. खळग्यांचं मी वर लिहिलंय.