ऑबफस्केट की ऑब्स्क्युअर? अहवालात कोणता शब्द वापरायचा?

तळटीप (प्रश्न)

मी लेखापरीक्षणाच्या कामात आहे, त्यामुळे शेरे इंग्रजीत लिहावे लागतात. एका मसुद्यात मी लिहिलं होतं, 'द नोट्स ऑबफस्केट द लॉस'. तोटा ताळेबंदासोबतच्या तीन वेगवेगळ्या टिपांमध्ये विखरून टाकला होता, एकूण आकडा कुठेच दिला नव्हता. वरिष्ठांनी 'ऑबफस्केट' खोडून 'ऑब्स्क्युअर' केलं. का, असं विचारल्यावर "तो शब्द फार जड होतो" एवढंच म्हणाले. शब्दकोशात दोन्हींपुढे 'अस्पष्ट करणे'. ब्लर, क्लाउड, मडी यांच्यापुढेही साधारण तेच. मग कोणता कधी वापरायचा, हे ठरवायचं कसं?

कानामात्रा

अशा अहवालांचं संपादन हेच माझं रोजचं काम आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

वरिष्ठांनी केलेला बदल योग्य आहे, पण त्याचं कारण शब्द जड असणं हे नाही. 'ऑबफस्केट' हा आरोप आहे.

'ऑब्स्क्युअर'ला कर्ता कोणीही चालतो. फांदी वाढून रस्त्यावरची पाटी दिसेनाशी झाली, तर फांदीने पाटी 'ऑब्स्क्युअर' केली. फांदीला कोणी दोष देत नाही. 'ऑबफस्केट'मध्ये मात्र बहुधा माणूस असतो, त्याचा हेतू असतो आणि त्याचं हत्यार म्हणजे शब्द किंवा मांडणी. व्युत्पत्ती इथे मदतीला येत नाही, कारण दोन्ही शब्द लॅटिनमधले आणि दोन्हींच्या मुळाशी काळोखच आहे. फरक पडला तो वापराने.

आता तुमचं वाक्य घ्या. एकूण तोटा वाचणाऱ्याला दिसत नाही, हे तुम्ही कागदावर दाखवू शकता. तो दिसू नये म्हणूनच विखुरला, हे दाखवू शकता का? मागच्या वर्षी हाच आकडा एका ओळीत असेल आणि यंदा फोडला असेल, तर सरळ तसंच लिहा: गेल्या वर्षी एकत्र, यंदा तीन ठिकाणी, कारण दिलेलं नाही. हे वाक्य 'ऑबफस्केट'पेक्षा कितीतरी भारी पडतं, कारण ते कोणाला खोडता येत नाही. हेतूचा पुरावा हाती नसताना हेतू सांगणारं क्रियापद अहवालात येऊ नये, यावर मी अडून बसते आणि त्यासाठी भांडतेही.

बाकीच्यांपैकी 'ब्लर' दोन गोष्टींमधल्या सीमेला लावतात: खासगी खर्च आणि कार्यालयीन खर्च यांतली रेषा पुसट होते, तेव्हा. 'क्लाउड' जास्त करून निर्णयशक्तीला; रागाने किंवा लोभाने विवेक झाकोळतो तिथे. 'मडी' वेगळा आहे आणि तुमच्या कामाचा आहे. 'ऑब्स्क्युअर'मध्ये काहीतरी झाकलं जातं. 'मडी द वॉटर्स'मध्ये उलट भर घातली जाते. साध्या प्रश्नाला दहा असंबद्ध कागद जोडून उत्तर आलं, तर ते पाणी गढूळ करणं.

'फज' मात्र जपून. 'फज द इश्यू' म्हणजे मोघम बोलून निर्णय टाळणं, पण 'फज द फिगर्स' म्हणजे आकड्यांत फेरफार. लेखापरीक्षकाच्या लेखणीतून दुसरा आला, तर तो 'ऑबफस्केट'पेक्षाही गंभीर आरोप ठरतो.

अर्धविराम

संगणक क्षेत्रात 'ऑबफस्केट'ला दूषण मानत नाहीत, ते रोजचं काम आहे. अँड्रॉइडचं ॲप देण्याआधी प्रोगार्डसारखं साधन त्यातली नावं बदलतं. व्याज काढणाऱ्या फंक्शनचं नाव नुसतं 'ए' होतं, पुढच्याचं 'बी'. काम तेच होतं, पण दुसऱ्याने उलगडायला घेतलं तर डोकं दुखतं. याला एन्क्रिप्शन, म्हणजे कूटलेखन, म्हणू नका. तिथे किल्ली लागते, इथे चिकाटी पुरते. 'सी' या संगणकभाषेत मुद्दाम अगम्य प्रोग्राम लिहिण्याची आंतरराष्ट्रीय स्पर्धाही 1984 पासून आहे. हेतू इथेही आहेच, फक्त तो उघड सांगितलेला असतो.

तळटीप

कानामात्राताई, मागच्या वर्षीचा ताळेबंद काढून पाहिला. आकडा तेव्हा एकत्रच होता. तुम्ही सांगितलंत तसं वाक्य लिहून दिलं आणि ते तसंच ठेवलं गेलं. मनापासून आभार.

अजून एक. खुलासा मागितल्यावर 'हो'ही नाही आणि 'नाही'ही नाही, असं उत्तर आलं, तर त्याला 'ऑबफस्केट' म्हणायचं का?

कानामात्रा

नाही, त्याला 'इक्विव्होकेट'. आपलं 'नरो वा कुंजरो वा'. दोन्ही अर्थ निघतील असं बोलायचं आणि कोणत्याही एकाला बांधील राहायचं नाही. या क्रियापदाला कर्म लागत नाही, 'ही इक्विव्होकेटेड द ॲन्सर' असं लिहू नका. उत्तर उडवाउडवीचं असेल तर 'प्रिव्हॅरिकेट'. पण त्याची 'प्रोक्रॅस्टिनेट'शी, म्हणजे चालढकल करण्याशी, फार गल्लत होते. वाचणारा 'उशीर केला' एवढंच समजण्याची शक्यता असेल, तर तो शब्द टाळलेला बरा.

आणखी एक पायरी आहे: शब्द खरे, समज खोटी. ब्रिटनचे कॅबिनेट सचिव रॉबर्ट आर्मस्ट्राँग यांनी 1986 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या न्यायालयात एका पत्राबद्दल सांगितलं की त्यातून दिशाभूल होते, पण ते खोटं नाही. सत्याच्या बाबतीत काटकसर केली आहे. 'इकॉनॉमिकल विथ द ट्रूथ' हा प्रयोग तेव्हापासून तोंडी रुळला. विखुरलेल्या तोट्याचं प्रकरण मला याच जातीचं वाटतं. तिन्ही आकडे खरेच असणार.

पूर्णविराम

अनुवादाच्या बाजूने एक भर. कित्येकदा धूसर करायला यातलं एकही क्रियापद लागत नाही, वाक्यरचनाच ते काम करते. अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष रेगन यांनी 1987 च्या जानेवारीत अमेरिकी काँग्रेसपुढे (तिथल्या संसदेपुढे) इराणला गुपचूप शस्त्रं विकल्याच्या प्रकरणाबद्दल म्हटलं, 'सिरियस मिस्टेक्स वेअर मेड'. केल्या कोणी, ते वाक्यात नाही. इंग्रजी कानाला ती रिकामी जागा जाणवते. मराठीत 'गंभीर चुका झाल्या' हे इतकं सहज वाक्य आहे की लपवाछपवी अनुवादात विरून जाते. आणि 'आमच्याकडून चुका झाल्या' असं केलं, तर मूळ वक्त्याने न दिलेली कबुली आपण देऊन बसतो. मी अशा ठिकाणी 'गंभीर चुका करण्यात आल्या' ठेवतो. कानाला खटकतं, संपादक बदलायला सांगतात, तरी ठेवतो.

कानामात्रा

ठेवाच. माझ्याकडे आलं तर मी हात लावणार नाही.