मराठी टंकलेखन नव्याने शिकताना: रेमिंग्टन की इनस्क्रिप्ट?

प्रश्न: गोदाकाठ (नांदेड जिल्हा)

नमस्कार. मी बी.ए. झाले असून महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या गट-क सेवा परीक्षेची तयारी करीत आहे. लिपिक-टंकलेखक हे पद मला मिळवायचे आहे आणि त्यासाठी मराठी टंकलेखनाचे मिनिटाला ३० शब्दांचे किंवा इंग्रजीचे ४० शब्दांचे प्रमाणपत्र लागते. इंग्रजीपेक्षा मराठीवर माझा हात अधिक बसेल असे वाटते, म्हणून मी मराठी निवडले आहे.

अडचण अशी आहे की गेली तीन वर्षे मी एका सेवा केंद्रात अर्ज भरण्याचे काम करते आणि तिथे इंग्रजी अक्षरे दाबून मराठी उमटवण्याच्या पद्धतीने, कळफलकाकडे पाहत, दोनच बोटांनी लिहिते. घड्याळ लावून पाहिले तेव्हा माझा वेग मिनिटाला साधारण २२ शब्द भरला. आता शून्यापासून दहा बोटांनी शिकायचे म्हटले तर हा वेगही हातचा जाईल अशी भीती वाटते. शिवाय तालुक्याच्या ठिकाणी असलेल्या संस्थेत रेमिंग्टन शिकवतात, तर माझी मैत्रीण इनस्क्रिप्टचा आग्रह धरते. आहे त्याच पद्धतीने वेग वाढवावा की नव्याने सुरुवात करावी, आणि सुरुवात केली तर कोणत्या कळफलकावर, याबद्दल अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद: निवृत्त निदेशक

ताई, मी बत्तीस वर्षे टंकलेखन शिकवले. त्यातली बरीचशी टाइपरायटरवर आणि शेवटची काही संगणकावर. आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी निःशंकपणे देतो: नव्याने सुरुवात करा. दोन बोटांनी २२ शब्दांपर्यंत पोहोचणे सोपे असते, परंतु त्या पद्धतीने उताऱ्यावरची नजर दर दोन-तीन शब्दांनी कळफलकावर उतरते, परत जाताना ओळ चुकते आणि शब्द गळतात. ३० चा टप्पा आपण एखाद्या दिवशी गाठालही, पण परीक्षेच्या दिवशी तो टिकेल याची खात्री देता येत नाही. शिवाय इंग्रजी अक्षरांवरून मराठी उमटवणारे साधन शब्द सुचवते, आणि तशी सोय परीक्षेत मिळेल असे धरून चालणे मला धोक्याचे वाटते.

कळफलकाविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण इथेच पुष्कळ मुलांची वर्षे वाया गेलेली मी पाहिली आहेत. रेमिंग्टन ही मांडणी टाइपरायटरच्या यंत्रासाठी झाली. यंत्राला अक्षर कागदावर जसे दिसते तसे उमटवायचे असते, त्यामुळे तिथे ‘कि’ लिहिताना आधी वेलांटी आणि मग क दाबावा लागतो, रफार अक्षर उमटल्यानंतर वर चढवावा लागतो आणि ण, ध, भ, श यांसारखी अक्षरे अर्धे अक्षर अधिक काना अशी जुळवावी लागतात. इनस्क्रिप्ट ही मांडणी १९८६ मध्ये भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संगणकासाठी ठरवली आणि पुढे १९९१ च्या भारतीय मानकात तिचा समावेश झाला. तिच्यात आपण जसे उच्चारतो त्याच क्रमाने कळा दाबायच्या असतात: आधी क, मग वेलांटी, आधी र, मग पाय मोडण्याची कळ, मग य. स्वर आणि त्यांच्या मात्रा डाव्या हाताला आहेत, व्यंजने बहुतांशी उजव्या हाताला आहेत, आणि म, न, व ही तीन अक्षरे मात्र डाव्या हाताच्या खालच्या ओळीत आहेत. त्यामुळे साध्या शब्दांत दोन्ही हात आळीपाळीने चालतात आणि एका हाताला शीण येत नाही.

हे वाचून मी इनस्क्रिप्टची बाजू घेतो आहे असे वाटेल, आणि केवळ शिकण्याच्या दृष्टीने विचारले तर होय, नव्याने शिकणाऱ्याला मी तीच मांडणी शिकवीन. तरीही निर्णय आपल्या किंवा माझ्या आवडीवर सोडू नका. प्रमाणपत्राची परीक्षा महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते आणि भरतीची कौशल्य चाचणी आयोग घेतो. म्हणून संस्थेत पैसे भरण्यापूर्वी परिषदेच्या परीक्षेत कोणता कळफलक मिळतो हे लेखी विचारून घ्या आणि आयोगाच्या जाहिरातीतला व चाचणीच्या सूचनांतला कळफलकाविषयीचा मजकूर स्वतः वाचा. दोन्हीकडे जी मांडणी चालते ती एकदा निवडा आणि मग काही झाले तरी बदलू नका. रेमिंग्टनवर चार महिने घालवून इनस्क्रिप्टकडे वळलेले आणि महिन्याभरात पुन्हा परतलेले विद्यार्थी मी पाहिले आहेत. त्यांच्या बोटांत दोन्ही मांडण्या अर्धवट राहिल्या आणि वेलांटी आधी की नंतर, या एकाच गोंधळात त्यांचे गुण गेले.

सरावाविषयी एकच गोष्ट आग्रहाने सांगतो. पहिले तीन आठवडे घड्याळ लावू नका. रोज सकाळी अर्धा तास आणि संध्याकाळी अर्धा तास बसा, दोन्ही तर्जनी त्या उंचवटा असलेल्या दोन कळांवर ठेवा, हातांवर एक पातळ रुमाल टाका आणि मधली ओळ पाठ होईपर्यंत वरच्या ओळीला हात लावू नका. चूक झाली तरी ती पुसायला थांबू नका, ओळ संपल्यावर मोजा. जो शब्द चुकला तो दहा वेळा सावकाश लिहा. वेग हा अचूकतेच्या मागून येतो. उलट क्रमाने तो आलेला मी पाहिला नाही.

प्रतिसाद: कनिष्ठ लिपिक, विदर्भ

वरील प्रतिसादाशी मी पूर्ण सहमत आहे, केवळ माझ्या एका चुकीची भर घालतो. मी संपूर्ण सराव लॅपटॉपवर केला होता. एका भरतीच्या चाचणीच्या केंद्रावर मोठा, उंच कळांचा कळफलक होता आणि खुर्ची माझ्या सवयीपेक्षा खाली होती. पहिली दोन मिनिटे बोटे कळांच्या कडांवर आदळत राहिली आणि मी अपात्र ठरलो. पुढच्या वेळी मी एक साधा वायरचा कळफलक विकत घेतला, रोज त्याच्यावरच बसलो आणि उतारा संपला. ताईंनी हा खर्च पहिल्याच महिन्यात करावा.

आपल्या नोकरीचाही विचार करायला हवा. केंद्रात गर्दी असताना नव्या पद्धतीने लिहिणे शक्य होणार नाही, हे मी समजू शकतो. तिथे आपली जुनी पद्धतच चालू ठेवा, पण निदान बोटे तरी इंग्रजी कळफलकाच्या नियमाप्रमाणे ठेवा. कोणते बोट कोणत्या कळेकडे जाते हा नियम दोन्ही भाषांत सारखाच असल्यामुळे दिवसभराचे काम सरावाच्या विरोधात जाणार नाही. त्यातून इंग्रजीचा हातही तयार होईल, आणि पुढे कर सहायक पदाचा विचार केलात तर तो उपयोगी पडेल, कारण त्या पदाला मराठी ३० आणि इंग्रजी ४० अशी दोन्ही प्रमाणपत्रे लागतात.

प्रतिसाद: केंद्रीय परीक्षार्थी

कर्मचारी निवड आयोगाच्या उच्च माध्यमिक स्तरावरील परीक्षेत इंग्रजीसाठी मिनिटाला ३५ शब्दांची अट आहे आणि ती ताशी १०,५०० कळा अशी मोजतात, म्हणजे पाच कळांचा एक शब्द. दहा मिनिटांत १,७५० कळा होतात. सराव करताना आपण शब्दांऐवजी कळा मोजल्यात तर आपली प्रगती अधिक खरी कळेल, कारण ‘व’ हाही एक शब्द आणि ‘अधिकाऱ्यांनी’ हाही एकच शब्द, असे मोजले तर उताऱ्यागणिक वेग उगाच खालीवर होतो.

गोदाकाठ

आपणा सर्वांची मी मनापासून आभारी आहे. दोन्हीकडे विचारून, सूचना वाचून मी इनस्क्रिप्ट निश्चित केले आणि आज सरावाला अठरा दिवस झाले. मधली आणि वरची ओळ न पाहता येते. रुमालाची युक्ती पहिले चार दिवस फार जड गेली, एकदा तर रडू आले, पण आता कळफलकाकडे मान वळत नाही. मात्र शासकीय उताऱ्यांत वारंवार येणारे ‘कर्मचाऱ्यांच्या’, ‘अधिकाऱ्यांनी’ हे शब्द माझ्याकडून ‘कर्मचार्यांच्या’ असे उमटतात. ‘कार्यालय’ बरोबर येते, मग हे का चुकते?

निवृत्त निदेशक

अठरा दिवसांत दोन ओळी आल्या, हे उत्तम आहे. आपली चूक बोटांची नसून अक्षराची आहे. ‘कार्यालय’मधला रफार साध्या र ने होतो, परंतु ‘दऱ्या’, ‘कर्मचाऱ्यांच्या’ यांतल्या अर्ध्या र साठी वेगळे अक्षर आहे. उजव्या तर्जनीखालच्या र च्याच कळेवर, डाव्या करंगळीने शिफ्ट दाबून, ऱ मिळतो. मग डाव्या मधल्या बोटाने पाय मोडा आणि उजव्या करंगळीने य घ्या. ‘अधिकाऱ्यांनी’ या एका शब्दात बारा कळा आहेत आणि अ, ध, ऱ या तिघांना शिफ्ट लागते, म्हणून तो जड वाटणारच.

उद्यापासून आधी ‘दऱ्या, पऱ्या, वाऱ्या’ एवढेच पाच मिनिटे लिहा, नंतर ‘शेतकऱ्यांना, व्यापाऱ्यांना, जिल्हाधिकाऱ्यांना’ घ्या आणि शेवटी एखाद्या शासन निर्णयाचा एक परिच्छेद. शिफ्ट नेहमी विरुद्ध हाताच्या करंगळीनेच दाबा. अक्षराच्याच हाताने दाबण्याची सवय लागली तर ती सोडवायला महिने जातात. खालची ओळ पूर्ण झाली की पहिल्यांदा घड्याळ लावा आणि दहा मिनिटांतल्या कळा आणि चुका दोन्ही इथे लिहा, म्हणजे पुढचा सराव त्यावरून ठरवता येईल.