कॅनडाचं वर्क परमिट, एजंट ४ लाख मागतोय

तासगावकर: भावांनो धाकटा भाऊ कॅनडात हॉटेलात कुक म्हणून जायचं म्हणतोय, एजंट म्हणतो एलएमआयए (म्हंजे बाहेरचा कामगार ठेवायला कॅनडा सरकारची मंजुरी) काढायला ४ लाख द्या बाकी मी बघतो. देऊ का?

मिरजवाला: अजिबात नको दादा. एलएमआयए मालकानं काढायचं असतं, एका जागेची फी १००० कॅनडियन डॉलर, ती पण त्यानंच भरायची, कामगाराकडनं वसूल करणं तिथं बेकायदा हाय. भावाला वर्क परमिटचे १५५ अन् बायोमेट्रिकचे ८५ डॉलर, बाकी मेडिकल बिडिकल.

विटेकर: एजंट ई-मायग्रेटवर (परदेशी नोकरीसाठीचं भारत सरकारचं पोर्टल) रजिस्टर हाय का बघ आधी, कायद्यानं त्याला ३० हजार अन् वर जीएसटी एवढंच घेता येतं. आणि असलं परमिट त्या एकाच मालकाशी बांधलेलं असतं, पटलं नाय तर नवं काढावं लागतं.

तासगावकर: बरं झालं इचारलं, आईचं गंठण मोडायला निघालो होतो राव.