बहाव्याच्या बिया रुजत नाहीत, काय चुकतंय?

कळवेकर:
आमच्या सोसायटीच्या कुंपणाबाहेर बहावा आहे. एप्रिलमध्ये त्याच्या दोन शेंगा उचलून आणल्या. हातभर लांब, काळ्याकुट्ट, हलवल्या की खुळखुळणाऱ्या. वरवंट्याने फोडल्या. चकत्यांना चिकटलेला मगज धुताना बेसिन तुंबलं, घरात बोलणीही खाल्ली, ते असो. भोकं नसलेल्या २४ बिया निवडून दोन दिवस भिजत ठेवल्या आणि पहिल्या पावसाला कुंडीत लावल्या. दीड महिना झाला, उगवलं फक्त एक. काल उकरून पाहिलं तर बाकीच्या जशाच्या तशा, चकचकीत तपकिरी. मेल्या का?

खारघरचा डोंगर:
मेल्या कशाला, त्यांना अजून पाणीच पोचलेलं नाही! कवच खरवडल्याशिवाय आत थेंब शिरत नाही. रानात कोल्हे, माकडं मगजासाठी शेंगा खातात, तेव्हा पोटातून फिरून ते काम होतं. तुम्ही नेलकटर घ्या. निमुळत्या टोकाला हात लावू नका, कोंब तिथूनच येतो. समोरच्या गोल कडेचा बारीकसा कपचा उडवा, आतला फिकट रंग दिसला की थांबा. मग रात्रभर साध्या पाण्यात. टम्म फुगतील त्या लावा, अर्ध्या पेराएवढ्या खोल.

ऐरोलीची गच्ची:
मी एवढं करत नाही. उकळलेलं पाणी गॅसवरून उतरवून त्यात बिया टाकते, तसंच निवू देते.

खारघरचा डोंगर:
ताई, जमतं तेही. मी एकदा गॅस बंद करायला विसरलो, बियांची उसळ झाली. तेव्हापासून नेलकटर.

ऐरोलीची गच्ची:
😄 बरं, कळवेकर, कुंडीत फार दिवस ठेवू नका. सोटमूळ झपाट्याने खाली जातं. दुधाच्या रिकाम्या पिशव्यांना खाली भोकं पाडून एकेक बी लावा आणि पुढच्या पावसाळ्यात जमिनीत हलवा. पानांवर हिरव्या अळ्या दिसल्या तर औषध मारायला धावू नका, त्यांची फुलपाखरं होतात. पानं परत येतात.

कळवेकर:
काल रात्री अकरा बिया कातरल्या. सकाळी नऊ फुगल्या होत्या, वाटाण्यासारख्या! एकीचं कवच उकलून पिवळसर डाळही दिसतेय. उरलेल्या दोन परत कातरतो, पण नेलकटरची धार गेली. नवा आणायला बाहेर पडतोय, येताना दुधाच्या पिशव्याही.