नसेजवळची कीड पूर्ण खरवडावी, की थोडी राखून त्यावर भरण चिकटवावे?

कृष्णाकाठ:
खोल किडलेल्या दाढेतली कीड शेवटच्या कणापर्यंत काढावी, असे आपण शिकलो आणि आजही अनेक दवाखान्यांत तसेच केले जाते. माझे मत असे की, नस जिवंत असेल आणि आपोआप उठणारी, रात्री झोपू न देणारी कळ नसेल, तर नसेवरचा बाधित थर, म्हणजे किडीचा खालचा थर, राखून त्यावर भरण करणे हाच योग्य उपचार आहे. जपानी संशोधक फुसायामा यांनी १९७०च्या दशकात दाखवून दिले की किडलेले डेंटिन, म्हणजे दाताच्या वरच्या कठीण कवचाखालचा भाग, सगळे एकसारखे नसते. वरच्या थरात जंतू ठासून भरलेले असतात आणि कोलॅजन, म्हणजे डेंटिनमधले प्रथिनांचे तंतू, पुरते मोडलेले असते. खालच्या, म्हणजे बाधित, थरातले खनिज उतरलेले असले, तरी कोलॅजनचा सांगाडा शाबूत असतो आणि त्यात खनिज पुन्हा भरू शकते. एक्सकॅव्हेटर (कीड खरवडण्याचे हातातले अवजार) चालवताना हा फरक बोटांना कळतो: पहिला थर ओलसर पापुद्र्यांनी निघून येतो, दुसरा चिवट लागतो आणि जोर लावल्याशिवाय सुटत नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाच्या शिफारशींतही कडेला टणक डेंटिन लागेपर्यंत सफाई करावी, मात्र खोल पोकळीत नसेवर मऊ डेंटिन राहू द्यावे, असेच म्हटले आहे. वाचू शकणारी नस उघडी पाडून रुग्णाला रूट कॅनाल आणि कॅपच्या खर्चात ढकलणे मला मान्य नाही.

सह्याद्री:
डॉक्टर, नस वाचवण्याबद्दल दुमत नाही. माझा आक्षेप भरणाच्या पकडीबद्दल आहे. नाकाबायाशी यांनी १९८२ मध्ये वर्णन केलेला हायब्रिड लेयर, म्हणजे रेझिन (भरण चिकटवणारे द्रव्य) आणि कोलॅजन एकमेकांत गुंतून तयार होणारा पट्टा, निरोगी डेंटिनमध्ये दाट बनतो. बाधित डेंटिनमध्ये मात्र चिकटवण्याआधी लावलेले आम्ल खोलवर शिरते, रेझिन तितके खाली पोहोचत नाही आणि तळाशी उघडे कोलॅजन राहते. त्यात पाणी जास्त असते, डेंटिनमधल्या सूक्ष्म नलिका खनिजाच्या स्फटिकांनी बुजलेल्या असतात, आणि प्रयोगशाळेत मोजलेली पकड निरोगी डेंटिनपेक्षा कमी भरते. ओल धरलेल्या भिंतीवर रंग देण्यासारखेच हे आहे. पुढे डेंटिनमधलीच विकरे (एन्झाइम) ते उघडे कोलॅजन हळूहळू तोडत राहतात. भरण सुटले की खाली राखलेल्या थरात कीड पुन्हा वाढू लागते, आणि आपल्याकडचे बहुतेक रुग्ण दुखल्याशिवाय तपासणीला येत नाहीत, हे आपणही जाणता.

एक पालक:
मी डॉक्टर नाही, पण मुलीच्या दाढेबाबत याच प्रश्नातून जात आहे. भरणाखाली मुद्दाम काही ठेवले आहे हे रुग्णाला आधी सांगितले जाते का? उद्या दुसऱ्या डॉक्टरांनी एक्स-रे पाहून 'कीड राहिली आहे' म्हटले, तर आम्ही कोणाचे ऐकायचे?

कृष्णाकाठ:
ताई किंवा दादा, आपला प्रश्न अगदी रास्त आहे. राखलेला थर एक्स-रेमध्ये काळसर दिसू शकतो, म्हणून काय ठेवले आणि का, हे केसपेपरवर लिहून त्याची प्रत रुग्णाला दिलीच पाहिजे.

सह्याद्री सर, पकड कमी असते हे मी नाकारत नाही. पण भरण मुख्यतः धरून ठेवते ती पोकळीची कड, तळ नव्हे. मर्ट्झ-फेअरहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये १० वर्षांचे निष्कर्ष मांडले: कीड तशीच ठेवून वर काँपोझिटने (दाताच्या रंगाच्या रेझिनच्या भरणाने) हवाबंद केलेल्या दाढांत ती पुढे सरकली नव्हती. शिवाय विकरांना रोखण्यासाठी २ टक्के क्लोरहेक्सिडिन (जंतुनाशक) लावता येते, आणि एमडीपी नावाचे रसायन असलेले बाँडिंग (चिकटवणारे द्रव) कॅल्शियमशी रासायनिक बंध जोडते.

सह्याद्री:
त्या अभ्यासातल्या पोकळ्या चावण्याच्या पृष्ठभागावरच्या होत्या, डेंटिनच्या निम्म्या जाडीपलीकडे गेलेल्या नव्हत्या, आणि त्यांची कड एनॅमलमध्ये, म्हणजे दाताच्या वरच्या कठीण कवचात, होती. एनॅमलवरची पकड बुओनोकोरे यांच्या १९५५ च्या प्रयोगापासून भरवशाची आहे, तिथे मी आपल्याशी सहमत आहे. एमडीपीला मात्र बंधासाठी कॅल्शियमच लागते, आणि बाधित डेंटिनमध्ये नेमके तेच उतरलेले असते. दोन दाढांच्या फटीत, हिरडीखाली उतरलेल्या पोकळीत तर तळच्या कडेला एनॅमल उरतच नाही. रबर डॅम (दात कोरडा ठेवणारा रबरी पडदा) नीट बसत नाही, रक्त आणि लाळ येत राहते. अशा ठिकाणी कड टणक डेंटिनपर्यंत साफ केल्याशिवाय आणि खाली ग्लास आयोनोमर या दंतसिमेंटचा थर दिल्याशिवाय मी काँपोझिट चिकटवणार नाही. नसेवरचा थर राखायला माझी हरकत नाही; हिरडीकडच्या कडेवर मात्र एक मिलिमीटरही सूट देऊ नये.