‘एनटीएम’ एवढंच लिहून थांबायचं, की जनुकक्रम वाचायचा?

सूक्ष्मजीवी (धागाकर्ता):
थुंकीचा नमुना वाढवायला ठेवलेली द्रव माध्यमातली बाटली पॉझिटिव्ह येते. स्लाइडवर लाल काड्यांसारखे जंतू दिसतात. एमपीटी६४ हे क्षयजंतूचं प्रथिन शोधणाऱ्या कार्डावर मात्र कंट्रोलची एकच रेघ, म्हणजे बहुधा क्षयाचा जंतू नाही. मग रिपोर्ट जातो, ‘क्षयेतर मायकोबॅक्टेरिया’ म्हणजे एनटीएम, आणि विषय संपतो. माझ्या मते हा अर्धवट रिपोर्ट आहे. या गटात जवळपास २०० प्रजाती आहेत. त्यातला कान्ससी रिफाम्पिसिन या क्षयाच्या औषधाला चांगली दाद देतो, अ‍ॅब्सेसस क्षयाच्या नेहमीच्या गोळ्यांना जुमानत नाही. दोघांना एकच नाव देऊन डॉक्टरांनी औषध कुठलं लिहायचं? बाटलीत जंतूंची वाढ मिळाली की त्यांचा जनुकक्रम वाचलाच पाहिजे.

छातीविकार:
असहमत. नाव कळणं म्हणजे निदान नव्हे. याच गटातला गॉर्डोनी नळाच्या पाण्यात सुखाने राहतो आणि नमुन्यात सहज येतो. म्हणून तर फुप्फुसाच्या आजारात वेगवेगळ्या वेळच्या दोन थुंकी-नमुन्यांत, नाहीतर श्वासनलिका धुतलेल्या पाण्यात एकदा तरी वाढ दिसावी लागते. शिवाय लक्षणं आणि स्कॅनही जुळावे लागतात. रिपोर्टवर भारदस्त लॅटिन नाव दिसलं की घाबरून औषधं सुरू होतात. एव्हियम गटाच्या जंतूंवरची तर कल्चर निगेटिव्ह झाल्यावरही १२ महिने घ्यायची असतात. त्यांचे दुष्परिणाम मी रोज पाहतो. त्यात आता थेट थुंकीवरच सिक्वेन्सिंग करा म्हणणारे निघालेत. मेलेल्या जंतूचा डीएनएसुद्धा वाचला जातो, हे कोणी सांगायचं?

सूक्ष्मजीवी:
मी वाढीबद्दल बोलतोय, थेट नमुन्याबद्दल नाही. तरी अपवाद आहेतच. कुष्ठरोगाचा जंतू कुठल्याच कृत्रिम माध्यमावर वाढत नाही. हिमोफिलम या एनटीएमला जादा लोह आणि ३० अंशांच्या आसपास तापमान लागतं. नेहमीच्या ३७ अंशांच्या पेटीत तो रुसतो. गाठीच्या तुकड्यात काड्या दिसल्या आणि कल्चर कोरडं राहिलं, तर तुम्ही काय कराल?

बेंचवरची:
मी हेच काम करते, म्हणून दोघांनाही सांगते. ‘जनुकक्रम वाचला’ हे वाक्यच अपुरं आहे. कुठलं जनुक? बहुतेक जण १६एस या जनुकाची पहिली ५०० डीएनए-अक्षरं वाचतात. तिथे अ‍ॅब्सेसस आणि केलोनी या दोन प्रजाती तंतोतंत सारख्या. कान्ससी आणि गॅस्ट्री तर पूर्ण १६एस मध्येही सारखेच, आणि गॅस्ट्री सहसा आजार करत नाही! म्हणून आरपीओबी किंवा एचएसपी६५ हे दुसरं जनुक जोडीला लागतंच.

अ‍ॅब्सेससचं नाव लावूनही भागत नाही. त्याच्या मॅसिलिएन्स या उपप्रजातीत ईआरएम४१ जनुकाचा मोठा तुकडा गळालेला असतो, म्हणून क्लॅरिथ्रोमायसिन हे औषध सहसा चालतं. जनुक शाबूत असेल तर चाचणीच्या तिसऱ्या दिवशी औषध चालतंय असं दिसतं आणि १४ व्या दिवशी जंतू रोधक, म्हणजे औषधाला दाद न देणारा, निघतो. हा फरक पेशंटला थेट भोगावा लागतो.

जनुकक्रमाचा आलेख उघडल्यावर एकेका जागी दोन-दोन शिखरं दिसली, तर बाटलीत दोन जंतू आहेत हे समजून पुन्हा वेगळ्या वसाहती काढायच्या. घाईत मोठं शिखर धरून नाव देणाऱ्यांचा मला खरंच राग येतो. आणि सार्वजनिक डेटाबेसमधल्या चुकीच्या नावाच्या नोंदींशी ९९ टक्के जुळलं, तर त्याचा उपयोग काय?

जीनोमवाला:
एकेक जनुक कशाला? क्षयजंतूचा ४४ लाख अक्षरांचा जीनोम १९९८ मध्येच वाचून झाला. इंग्लंडमध्ये क्षयाच्या वाढींचा संपूर्ण जीनोम नियमित वाचतात. प्रजाती, रोधकता, लागण कोणाकडून कोणाला, सगळं एकदम.

छातीविकार:
क्षयासाठी मान्य. एनटीएममध्ये मात्र मोजक्याच औषधांची रोधकता जनुकांवरून खात्रीने सांगता येते. बाकीच्यांसाठी जिवंत वाढच लागते.
बेंचवरची, तुमचा मुद्दा पटला. रिपोर्टवर कुठलं जनुक, किती अक्षरं आणि वाढ शुद्ध होती का, एवढं लिहून येणार असेल तर नाव जरूर पाठवा. औषध मात्र मी दुसरा नमुना आल्यावरच ठरवेन.

सूक्ष्मजीवी:
चालेल. आणि गाठीच्या तुकड्याबद्दलच्या माझ्या प्रश्नाचं उत्तर अजून राहिलंय, डॉक्टर.