मदत हवी आहे : लॅबमध्ये थुंकीचे नमुने लॅमिनार फ्लोमध्ये उघडतात
नमस्कार मंडळी. मी राजारामपुरीतल्या एका छोट्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे. टीबीच्या संशयित पेशंटच्या थुंकीचे नमुने आमच्याकडे आडव्या लॅमिनार फ्लोमध्ये (गाळलेली हवा आडवी सोडणारं कपाट) उघडतात. त्यातली हवा नमुन्यावरून थेट आपल्या तोंडावर येते. नमुना जपला जातो, माणूस नाही! परवा डबीचं झाकण फिरवताना थेंब उडून माझ्या बाहीवर पडला, तेव्हापासून झोप नाही. सोबतची मुलगी तर नुकतीच लागलीय.

मालकांना क्लास २ बायोसेफ्टी कॅबिनेटसाठी (नमुना आणि माणूस दोघांनाही जपणारं कपाट) राजी करायचंय. कोल्हापूर-सांगली-मिरज भागात त्याच्या हेपा फिल्टरची (हवेतले जंतू अडवणारी गाळणी) आणि हवेच्या वेगाची दरवर्षी तपासणी करून देणारं कुणी आहे का?

ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने जंतू मारणारं यंत्र) १२१ अंशांवर लावतो, पण उष्णतेने रंग बदलणाऱ्या टेपवर काळे पट्टे उमटले म्हणजे जंतू मेलेच असं नाही. जंतू खरंच मेले का ते तपासायला स्पोअर स्ट्रिप (चिवट जंतूंचे बीजाणू लावलेल्या पट्ट्या) इथे कुठे मिळतील?